विजेता संघ, पण मालकी कोणाची? ‘महिंद्र युनायटेड’च्या ४८ वर्षांची कहाणी

सावंतवाडी - तळकोकणातील माणसाचे फुटबॉलशी नाते दोन वाटांनी जुळत आले आहे. एक वाट दक्षिणेची. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा सुरू होतो, आणि गोव्यात फुटबॉल हा नुसता खेळ नसून गावकीचा विषय आहे. दुसरी वाट मुंबईची. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा मोटारींच्या कारखान्यात लागला आणि त्या त्या आस्थापनेचा फुटबॉल संघ त्याला ‘आपल्या कंपनीचा संघ’ म्हणून आपोआप लाभला. सावंतवाडीच्या जिमखाना मैदानावर राज्य क्रिकेटचेच असले, तरी या दोन वाटांमुळे फुटबॉलच्या वार्ता येथे नेहमीच पोहोचत राहिल्या.

मुंबईच्या वाटेवरचा सर्वांत यशस्वी संघ म्हणजे महिंद्र युनायटेड. १९६२ मध्ये स्थापन झालेला हा संघ २००६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, बंद करण्यात आला. त्या वेळी संघ तळाला गेलेला नव्हता. मालक कंपनीचे दिवाळेही निघाले नव्हते. खेळाडू हिंदुस्थानी संघात खेळत होते, दोनच वर्षांपूर्वी कपाटात दोन नवे चषक आले होते. हरणारे संघ बंद पडतात हे समजण्यासारखे आहे. जिंकणारा संघ का बंद पडतो, हा प्रश्न मात्र आजही विचारण्याजोगा आहे. कारण त्यानंतरच्या दहा वर्षांत राष्ट्रीय पातळीवर खेळणारे महाराष्ट्रातील आणखी किमान पाच संघ त्याच वाटेने गेले.

जीपवाल्यांचा संघ

महिंद्र अँड महिंद्र या कंपनीची स्थापना १९४५ मध्ये लुधियाना येथे झाली. तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असे होते. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिस जीपगाड्यांची जुळणी कंपनीने मुंबईत सुरू केली आणि ‘जीप म्हणजे महिंद्र’ हे समीकरण रूढ झाले. फुटबॉल संघालाही क्रीडापत्रकारांनी ‘जीपमेन’ हेच नाव दिले. लाल पोशाखातील हा संघ १९६२ पासून २००० पर्यंत ‘महिंद्र अँड महिंद्र’ या नावानेच मैदानात उतरत असे. ‘युनायटेड’ हे बिरुद नंतरचे, इंग्लिश क्लबांच्या धाटणीचे.

संघ कंपनीचा असे म्हणजे नेमके काय असे, हे आजच्या तरुण वाचकाला सांगणे आवश्यक आहे. त्या काळी खेळाडूला ‘खेळण्याचा पगार’ उघडपणे मिळत नसे. त्याला कंपनीत नोकरी मिळे. हजेरीपटावर तो कारकून, मदतनीस किंवा कामगार असे. सरावासाठी त्याला लवकर सुटी मिळे, सामन्याचा दिवस कामाचा दिवस धरला जाई. गुडघा दुखावला, वय झाले, बूट खुंटीला टांगले, तरी नोकरी निवृत्तीपर्यंत शाबूत राही. मध्यमवर्गीय वा गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने हा फार मोठा आधार होता. ‘खेळून पोट भरते का?’ या आईबापांच्या प्रश्नाला तेच एक उत्तर होते.

मुंबईत असे संघ डझनावारी होते. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, आरसीएफ, एअर इंडिया ही त्यांतील काही नावे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा याच व्यवस्थेतून आलेला. टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून तो मुंबईत खेळला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत भारत चौथा आला; ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

नेव्हिल मूळचा गोमंतकीय, आणि मुंबईच्या कंपनी-फुटबॉलमध्ये गोमंतकीयांचा वाटा नेहमीच मोठा राहिला. धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. एका गावाहून आलेल्या दर्यावर्दी व नोकरदार पुरुषांची ती सामाईक बिऱ्हाडे. सावंतवाडी-मालवणच्या चाकरमान्यांच्या गिरणगावातील खोल्या जशा गावाच्या नावाने ओळखल्या जात, तसाच हा प्रकार. धोबीतलावापासून कुपरेज मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. खेळाडूही तेथलेच आणि प्रेक्षकही.

हडर्सफील्डमधील एक बैठक

खेळाडूच्या बुडालेल्या मजुरीचे काय करायचे, हा प्रश्न केवळ मुंबईपुरता नव्हता. इंग्लंडमध्ये तर या एका प्रश्नावरून एका खेळाचे दोन खेळ झाले. उत्तर इंग्लंडमधील रग्बीपटू हे बहुतांशी गिरणी आणि कोळसा खाणींतील कामगार होते. शनिवारी सामना खेळायचा तर कामाचा खाडा होई आणि मजुरी कापली जाई. ती भरून द्यावी, अशी तेथील क्लबांची मागणी होती. लंडनच्या रग्बी संघटनेने ‘पैसे घेणे म्हणजे खेळाचा बाट’ अशी भूमिका घेतली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. बुडालेल्या दिवसासाठी सहा शिलिंगांची भरपाई देण्याचे ठरले. पुढे नियमही बदलले, १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ झाला आणि १९२२ पासून या खेळाला ‘रग्बी लीग’ हे नाव मिळाले.

हा दाखला येथे देण्याचे कारण केवळ मजुरी नव्हे. लीड्स शहरातील हन्स्लेट या कामगार वस्तीचा रग्बी लीग क्लब त्या खेळातला नावाजलेला क्लब होता. १९०७-०८ च्या हंगामात त्याने उपलब्ध असलेले चारही चषक एकाच वर्षी जिंकले होते. कालांतराने वस्ती बदलली, प्रेक्षक घटले आणि १९७३ मध्ये ‘पार्कसाइड’ हे त्याचे मैदान विकले जाऊन क्लब विसर्जित झाला. येथपर्यंतची हकिगत मुंबईच्या वाचकाला नवी वाटणार नाही. नवे आहे ते पुढचे. जॉफ गनी या क्लबच्याच जुन्या खेळाडूने आणि स्थानिक मंडळींनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी ‘न्यू हन्स्लेट’ या नावाने संघ पुन्हा उभा केला. काही वर्षांनी ‘न्यू’ गळून पडले आणि जुने नाव परत आले. मैदान गेले, कंपनी गेली, पण हन्स्लेट हे नाव वस्तीचे होते. ते कोणाच्या मालकीचे नव्हते, म्हणून ते पुन्हा लावता आले.

महिंद्र युनायटेडच्या बाबतीत हे शक्यच नव्हते. तेथे नाव हीच कंपनीची मालमत्ता होती.

कुपरेजचे दिवस

मुंबईच्या फुटबॉलचा कणा म्हणजे कुपरेज मैदान आणि रोव्हर्स चषक. ही स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची अनेक वर्षे ब्रिटिश लष्करी पलटणीच ती जिंकत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने प्रथमच हा चषक हिंदी हातांत आणला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिस संघाने तो जिंकला, तेव्हा तर कुपरेजला जागा अपुरी पडे. मुंबईच्या कंपनी-संघांना देशातील बलाढ्य संघांशी गाठ पडण्याची जागा ती हीच. कलकत्त्याचे बडे क्लब येत, गोव्याचे येत, आणि कार्यालय सुटल्यावर चर्चगेटकडे निघालेला माणूस वाट वाकडी करून सामना पाहत असे.

रोव्हर्सचा शेवट २०००-०१ मध्ये झाला. त्याची शोकसभा झाल्याचे कोणाच्या स्मरणात नसेल. शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा एका वर्षी भरली नाही, पुढच्याही वर्षी भरली नाही, आणि मग ती भरत नाही याचीच सवय झाली. त्यापूर्वीच गिरण्यांचे संघ एकामागून एक दिसेनासे झाले होते.

नेमक्या याच पडत्या काळात महिंद्रचा संघ वर चढत होता, ही या कहाणीतील विलक्षण गोष्ट आहे. १९९८ मध्ये त्याने दिल्लीतील ड्युरँड चषक जिंकला. १८८८ पासून खेळली जाणारी ही आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. २००१ मध्ये तोच चषक पुन्हा आला, तोही अंतिम सामन्यात चर्चिल ब्रदर्सचा पाच गोलांनी फडशा पाडून. २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक, २००६ आणि २००८ मध्ये कलकत्त्याची आयएफए शील्ड, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड. दहा वर्षांत एवढी कमाई त्या काळात कलकत्ता आणि गोव्याच्या मोजक्या क्लबांनीच केली असेल.

या सर्वांवर कळस चढला तो २००५-०६ च्या राष्ट्रीय लीगमध्ये. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या लीगचे विजेतेपद तोवर पंजाबच्या जेसीटीने, कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालने, गोव्याच्या साळगावकर आणि धेंपोने मिळवले होते. महाराष्ट्राकडे ते प्रथमच आले. ईस्ट बंगाल दुसरा आणि मोहन बागान तिसरा राहिला. संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. आघाडीला ब्राझीलचा होजे रामिरेझ बॅरेटो आणि घानाचा याकुबू होता. मोहन बागानच्या चाहत्यांच्या गळ्यातील ताईत असलेला बॅरेटो त्या हंगामात महिंद्रच्या लाल पोशाखात खेळत होता, हे कलकत्त्याला बराच काळ सहन झाले नसावे. देशी खेळाडूंची फळीही तितकीच तगडी. मुंबईचा स्टीव्हन डायस, मणिपूरचा सुरकुमार सिंग, उत्तर प्रदेशचा अभिषेक यादव, केरळचा एन. पी. प्रदीप असे खेळाडू या काळात महिंद्रकडे होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, भारताने सीरियाला १-० असे हरवून नेहरू चषक जिंकला. तो एकमेव गोल प्रदीपचा.

त्याच वर्षी एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही महिंद्र पोहोचला. तेथे लेबनॉनच्या नेजमे संघाने त्याला रोखले. आखाती आणि पश्चिम आशियाई संघांशी बरोबरीने खेळणारा संघ मुंबईत आहे, ही गोष्ट मुंबईतल्या किती जणांना ठाऊक होती, हा प्रश्न वेगळा. त्या वर्षी शहराचे लक्ष पहिल्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाकडे होते. मुंबईच्या विजेत्या संघाच्या सामन्याला कुपरेजच्या बाकांवर मोकळ्या जागा असत आणि मैदान भरे ते मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की, तेही मुंबईतील बंगाली प्रेक्षकांमुळे.

खर्चाच्या रकान्यातील फुटबॉल

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९६ नंतर खेळाचे अर्थकारण बदलले. नोकरीवरचा खेळाडू मागे पडला आणि हंगामापुरता करार करणारा व्यावसायिक खेळाडू आला. परदेशी खेळाडू, परदेशी प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेले असा खर्च वाढत गेला. महिंद्रनेही डेव्हिड बूथ यांच्यासारखे इंग्लिश प्रशिक्षक आणले. परंतु उत्पन्नाची बाजू होती तेथेच राहिली. तिकिटांची विक्री नाममात्र. दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या हाती, त्यातून क्लबांच्या पदरी भरीव असे काही पडत नसे. युरोपात क्लब एखादा खेळाडू घडवून दुसऱ्या क्लबला विकतो आणि त्यावर वर्षे काढतो. आपल्याकडे तशी बाजारपेठच नव्हती. म्हणजे कंपनीच्या ताळेबंदात फुटबॉल संघ हा निखळ खर्च होता. कामगार कल्याण म्हणा, जाहिरात म्हणा किंवा मालकांची हौस म्हणा, रकाना खर्चाचाच.

२००७ मध्ये राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली. तिच्या पाठोपाठ आशियाई फुटबॉल महासंघाचे निकष आले. क्लब ही स्वतंत्र नोंदणीकृत संस्था हवी, तिला स्वतःचे वा कराराने घेतलेले मैदान हवे, वयोगटांचे संघ हवेत, पगारी अधिकारी हवेत. हे निकष मुळात चुकीचे नव्हते. क्लब हा एखाद्या कंपनीचा उपविभाग असू नये, त्याचे स्वतःचे अस्तित्व असावे, हाच त्यांचा हेतू. पण त्यांनी कंपन्यांसमोर सरळ निवड ठेवली : क्लबला धंदा म्हणून उभा करा, किंवा थांबा.

महिंद्रने थांबायचे ठरवले. २००९-१० चा हंगाम संपण्यापूर्वीच संघ विसर्जित करण्याचा निर्णय जाहीर झाला. वरिष्ठ संघावर होणाऱ्या खर्चाऐवजी शालेय आणि तळागाळातील फुटबॉलकडे लक्ष देणार, अशी कंपनीची भूमिका होती आणि त्याप्रमाणे शाळकरी मुलांसाठी स्पर्धाही भरवल्या गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनबीएशी हातमिळवणी करून कंपनीने बास्केटबॉलची स्पर्धाही सुरू केली. या निर्णयात बेकायदा काही नव्हते, कोणाचे देणे बुडवले असेही नाही. भागधारकांचा पैसा कोठे खर्च करावा, हे ठरवण्याचा कंपनीला पूर्ण अधिकार आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते खरी मेख याच वाक्यात आहे. संघाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांत संघाचा एकही प्रेक्षक, एकही माजी खेळाडू, एकही सभासद नव्हता. कारण सभासद असे कोणी नव्हतेच. ४८ वर्षांचा इतिहास असलेल्या संघाला सर्वसाधारण सभा नव्हती. विरोध नोंदवायचा तर तो कोठे नोंदवायचा?

शाळकरी मुलांच्या स्पर्धा हा वरिष्ठ संघाला पर्याय होऊ शकतो का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मुले खेळू लागतात ती कोणाला तरी पाहून. सोळाव्या वर्षी उत्तम खेळणाऱ्या मुलाला विसाव्या वर्षी जाण्यासाठी संघ लागतो. शिडीची खालची पायरी मजबूत केली आणि वरची काढून घेतली, तर चढणाऱ्याने जायचे कोठे?

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याचा जेसीटी संघही त्याच्या मालक कंपनीने बंद केला. लीगच्या पहिल्या दहा वर्षांतील सहा विजेत्यांपैकी दोघे अशा रीतीने पाठोपाठ इतिहासजमा झाले.

पुण्यापासून म्हापशापर्यंत

महिंद्र गेल्यानंतर मुंबईत उरले दोन संघ. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी आणि जुना एअर इंडिया. कुपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात या दोघांना ‘घरचे’ सामने पुण्यातील बालेवाडीत खेळावे लागले. घरचा सामना खेळण्यासाठी एक्सप्रेस-वेवरून घाट चढून जायचे, हा प्रकार प्रेक्षक टिकवण्यास पोषक नव्हता, हे सांगायला नको. २०१३ मध्ये परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन्ही संस्थात्मक संघ आय-लीगबाहेर झाले. २०१७ मध्ये मुंबई एफसी तळाला राहून बाहेर पडला आणि परतला नाही.

पुण्याची कथा याहून करुण. पुणे एफसी हा संघ २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने स्थापन केला. तो नीट चालवला गेला, त्याची अकादमी नावाजली गेली, २०१२-१३ मध्ये तो आय-लीगचा उपविजेता ठरला. २०१५ मध्ये तो बंद झाला. त्याच वर्षी पुण्याचाच भारत एफसी हा संघ एकच हंगाम खेळून थांबला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच वर्षांत एका शहरातून चार संघ उठले. महिंद्रला विजेतेपद मिळवून देणारे डेरिक परेरा पुढे पुणे एफसीचेही प्रशिक्षक होते. त्यांनी उभे केलेले दोन संघ अशा तऱ्हेने नकाशावरून पुसले गेले.

आमच्या शेजारच्या गोव्यातही सगळे आलबेल नव्हते. तेथील मोठे क्लब खाण उद्योगातील घराण्यांचे. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळवली. हा विक्रमी क्लब मूळचा, दोडामार्गाच्या पलीकडे असलेल्या डिचोलीच्या संघातून उभा राहिलेला. साळगावकरने १९९८-९९ आणि २०१०-११ मध्ये विजेतेपद पटकावले. २०१६ मध्ये सुपर लीगला देशाची पहिली लीग करण्याच्या योजनेचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. म्हापशाच्या धुळेर मैदानावर किंवा मडगावच्या फातोर्ड्यावर सामना पाहायला जाणाऱ्या सिंधुदुर्गातील शौकिनांना तो धक्का होता. मात्र येथे एक फरक नोंदवायला हवा. हे क्लब राष्ट्रीय लीगमधून गेले तरी गोव्याच्या स्थानिक लीगमधून लगोलग नाहीसे झाले नाहीत. गावागावांत प्रतिस्पर्धी होते, तालुक्यात मैदान होते, त्यामुळे खेळायला जागा उरली. २०२४-२५ च्या हंगामात धेंपो आय-लीगमध्ये परतला. महिंद्रला परतायला मुंबईत अशी जागाच नव्हती.

आंबोली चढून गेल्यावर

मालकी कोणाची, यावर क्लबाचे आयुष्य कसे अवलंबून असते हे पाहायचे असेल, तर सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला जावे. तेथील फुटबॉल संघांची नावेच सर्व काही सांगतात : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमी कुस्तीच्या, पेठांमध्ये रुजलेल्या. तांबड्या मातीत घुमणारी मुले कधीतरी चेंडूमागे धावू लागली आणि पेठेची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर आली. तेथे तालमींच्या सामन्याला हजारोंची गर्दी होते. मुंबईत राष्ट्रीय विजेत्या संघालाही ती कधी लाभली नाही.

तालमीला भागधारक नसतात. वर्गणी असते, पेठेतील दुकानदार असतात, निवडणुकीच्या सुमारास उदार होणारे पुढारी असतात आणि घराघरांतून आलेली पोरे असतात. एखादे वर्ष वाईट गेले तर संघ हरतो, बंद पडत नाही. तो बंद करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नाही. याचा अर्थ तेथे सर्व काही गोड आहे असे नव्हे. पेठांची ईर्ष्या हाणामारीपर्यंत गेल्याने सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग कोल्हापूरने पाहिले आहेत. एवढी गर्दी, एवढी हौस असूनही तालमीचा एकही संघ देशाच्या पहिल्या लीगमध्ये पोहोचला नाही, कारण त्यासाठी लागणारा पैसा वर्गणीतून उभा राहत नाही. गुणवत्ता मात्र आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्याच्या कौशल्याला वाव मिळाला तो पुण्यासारख्या ठिकाणच्या अकादमीतून आणि पुढे बाहेरच्या क्लबांतून.

कंपनीकडे पैसा होता आणि मुळे नव्हती. तालमीकडे मुळे आहेत आणि पैसा नाही. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न कलकत्त्यात झाला. १८८९ पासूनचा मोहन बागान हा सभासदांचा क्लब. २०२० मध्ये त्याने एटीके या कंपनी-क्लबशी विलीनीकरण केले आणि संघाच्या नावापुढे मालकाचे ‘एटीके’ लागले. पाठीराखे रस्त्यावर उतरले, मैदानात फलक लागले. अखेर २०२३ मध्ये मालकांनी ‘एटीके’ काढून टाकले. भांडवल मालकाचे राहिले, पण नावावर हक्क कोणाचा हे पाठीराख्यांनी ठरवले. मुंबईत २०१० मध्ये असे काही घडले नाही. बातम्या छापून आल्या, हळहळ व्यक्त झाली आणि हंगाम संपला.

महाराष्ट्रातील संघाला देशाच्या पहिल्या लीगचे विजेतेपद पुन्हा मिळण्यासाठी २०२१ उजाडावे लागले. मुंबई सिटी एफसीने ते इंडियन सुपर लीगमध्ये मिळवले, तेही करोनामुळे गोव्यात, प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांत. मधली पंधरा वर्षे रिकामी गेली. या काळात वयात आलेल्या कोकणातील मुलाला फुटबॉलच खेळायचा असेल, तर त्याच्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्याच्या एखाद्या क्लबचे दार ठोठावणे हाच जवळचा मार्ग राहिला. मुंबईची वाट, जिच्यावर पूर्वी नोकरी आणि खेळ दोन्ही मिळत, ती जवळपास बंदच झाली होती.

महिंद्रच्या खेळाडूंनी मात्र फुटबॉल सोडला नाही. अभिषेक यादव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशासनात गेला. महिंद्रकडून खेळलेले खालिद जमील आधी मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले, २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. त्यांच्या जुन्या संघाचे नाव ड्युरँड चषकाच्या विजेत्यांच्या यादीत तीन वेळा सापडते. १९९८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून, २००१ आणि २००८ मध्ये ‘महिंद्र युनायटेड’ म्हणून.